सावरीची गादी

बाळ-बाळंतिणीला बघायला घरी आलेल्या लोखंडे सिस्टरनी पाळण्यात हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. आधी मोहरीची उशी. मग दोन बाजूंचे दोन चिमुकले लोड. मग मखमलीची रजई. पाळणा रिकामा होत होता आणि आमच्या कॉटवरचा ढीग वाढत होता. शेवटी त्यांनी तळाच्या गादीवर हात दाबला, तर हात पार मनगटापर्यंत आत गेला.

"ही कुणी केली?"

"अब्बांनी," मी जरा ऐटीतच सांगितलं. "सावरीच्या कापसाची आहे."

"कसबी हात आहे तुमच्या अब्बांचा," सिस्टर म्हणाल्या आणि ती गादीही उचलून त्यांनी ढिगावर ठेवली. "पण बाळाखाली ही घालायची नाही."

अम्मी माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तस्लीम हे नाव नंतर ठेवलं. तेव्हा ती नुसती 'पोर' होती, जन्मून जेमतेम आठवडा झालेली. घरात आम्ही अर्धी दखनी, अर्धी मराठी बोलतो, पण बाहेरच्या माणसाशी भांडायचं असलं की अम्मीला मराठीच लागते.

"अवो बाई, मऊ पायजे म्हणून तर केलीया. दगडावर झोपवायचं व्हय लेकराला?"

"दगडावर नाही, मावशी. पण टणक पाहिजे आणि सपाट पाहिजे. या वयात बाळाला मान नीट फिरवता येत नाही. मऊ गादीत तोंड रुतलं किंवा उशी नाकावर आली, तर ते ओरडणार नाही. आणि तुम्ही शेजारी असून तुम्हाला कळणार नाही."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. दरडावून सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

"अन् डोकं?" अम्मी एवढ्यात हार मानणार नव्हती. "मोहरीच्या उशीबिगर डोकं गोल कसं हुईल?"

"जागी असली की पोटावर ठेवून खेळवा, तुमच्या डोळ्यांसमोर. झोपवताना मात्र दरवेळी उताणी. होतं डोकं गोल. माझं बघा."

अम्मीनं खरोखरच मान वाकडी करून सिस्टरांचं डोकं बघितलं. मला हसू आवरेना.

सिस्टरनी जाड सतरंजीची घट्ट घडी घातली, पाळण्याच्या फळीवर बसवली आणि वर धुतलेलं सुती कापड ताणून खोचलं. शेगडीची धुरी बंद करायला लावली. तोंडावर पदर टाकायचा नाही, अंगावर कपड्यांची चळत चढवायची नाही, पाळणा माझ्या कॉटजवळच ठेवायचा, हे सगळं सांगितलं. मग मी पोरीला पाजलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढला आणि सतरंजीवर ठेवलं. ती लगेच ओठ काढून रडायला लागली.

"उचलू नका. छातीवर नुसता हात ठेवा. दाबायचा नाही आणि हलवायचा नाही. मांडीवरची ऊब एकदम गेली म्हणून रडते ती. तेवढा हात तिला पुरतो."

मी हात ठेवला. पोर कुरकुरली, तिनं दोन्ही मुठी वर केल्या आणि मग बघता बघता झोपली. मला स्वतःचाच अभिमान वाटला. सिस्टर पिशवी उचलून गेल्या, फाटक वाजलं आणि अम्मी कॉटवरच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "आता तुझ्या अब्बाला कोण सांगणार?"

अब्बांचं दुकान एसटी स्टँडच्या मागं होतं. दस्तगीर नदाफ, गादी कारखाना. आता तिथं मी बसते. त्या वेळी आख्ख्या तासगावात त्यांच्याबद्दल दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक म्हणजे त्यांच्या गादीवर माणूस आडवा झाला की उठायचं नाव घेत नाही. दुसरी म्हणजे ती गादी कधीही वेळेवर मिळत नाही. "दस्तगीर, पोरीचं लगीन झालं, ती नांदायला गेली, गादी कुठाय?" असं विचारत लोक दुकानात यायचे आणि अब्बा शांतपणे म्हणायचे, "कापूस अजून मनासारखा फुलला न्हाई." लोक शिव्या द्यायचे आणि थांबायचे.

कालव्याच्या रस्त्याला एक सावरीचं झाड आहे. उन्हाळ्यात त्याची बोंडं फुटतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडायला लागतो. माझं लग्न ठरल्यापासून अब्बा दर उन्हाळ्यात काठी आणि पोतं घेऊन त्या झाडाखाली जायचे. सरकी हातानं वेचायचे. त्या पोत्याला अम्मीलासुद्धा हात लावू देत नसत. बाकी सगळा माल यंत्रावर पिंजला जायचा, पण सावरीसाठी त्यांनी भिंतीवर टांगलेली जुनी पिंजण काढली. मी बाळंत होऊन दवाखान्यातून माहेरी आले, तेव्हा पाळण्यातलं सगळं अंथरूण तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा अब्बांनी माल वेळेवर पोचवला होता.

"हात ठीव की," ते मला म्हणाले होते. "राजाच्या पोरीला मिळाली नसंल असली."

आता या माणसाला जाऊन सांगायचं, की सगळं काढून टाकलं आणि सतरंजी घातली.

"मी न्हाई सांगणार," अम्मी म्हणाली. "तुझी सिस्टर, तू सांग."

"तुझा नवरा, तू सांग."

अशानं कुणीच सांगितलं नाही. एका बाजूला पोरीचा श्वास होता आणि दुसऱ्या बाजूला अब्बांचं मन. पोरीच्या बाबतीत मी तसूभर मागं हटणार नव्हते. पण अब्बांचा चेहरा उतरलेला बघायची माझ्यात हिंमत नव्हती. मग आम्ही मायलेकींनी दोन्ही सांभाळायचा घाट घातला.

अब्बांच्या सायकलचं चेनकव्हर सैल होतं. ते कोपऱ्यावर आले की खडखड ऐकू यायची. ती ऐकली की अम्मी पोरीला उचलायची, मी सतरंजी ओढून कॉटखाली सरकवायची आणि गादी, लोड, उशी, रजई पाळण्यात जागच्या जागी मांडायची. अब्बा हातपाय धुऊन येईपर्यंत पाळणा पुन्हा राजवाडा झालेला असायचा.

"झोपली व्हती का?"

"आत्ताच उठली."

"दरवेळेला मी आलो की उठतीया."

"तुमची सायकल ओळखते," अम्मी म्हणायची. ते खोटंही नव्हतं.

अब्बा खूश होऊन पोरीच्या तळपायाला बोट लावायचे आणि जेवायला बसायचे. त्यांची पाठ वळली की आम्ही सगळं पुन्हा उलटं करायचो. रात्री ते बाहेर ओसरीवर झोपायचे, म्हणून तेवढा वेळ बरा जायचा. पण मला झोप कुठली? पोर शांत झोपली की मीच उठून तिची छाती हलते का बघायची आणि दिवसा डोळा लागतोय असं वाटलं की कान सायकलकडं. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

"ही का सुकत चाललीया?" एकदा अब्बांनी विचारलं.

"बाळंतीण हाय. सुकणारच," अम्मीनं विषय मिटवला.

शुक्रवारी दुकान बंद असायचं. त्या शुक्रवारी अब्बा नमाजहून आले आणि म्हणाले, "पोरीच्या अंथरुणाला जरा ऊन दावतो." आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी पाळण्यातलं सगळं उचलून अंगणातल्या बाजेवर नेलं. मी खिडकीतून बघत राहिले.

त्यांनी गादीवर हात दाबला आणि थांबले. मग ती उलटी केली. नाकाजवळ नेली. शिवणीवरून अंगठा फिरवला. वापरलेली गादी अब्बांना नीट बघावीही लागत नसे. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाची कंबर दुखते, कुठल्या घरात नवराबायको एकमेकांकडं पाठ करून झोपतात, हे सगळं ते दुरुस्तीला आलेल्या गादीवरून सांगायचे आणि अम्मी त्यांना गप्प करायची. या गादीला ना खळगा होता, ना दुधाचा वास.

"जुबे," त्यांनी हाक मारली. "हिकडं ये."

मी बाहेर गेले.

"हिच्यावर कोण झोपलेलंच न्हाई."

खोटं बोलायचं बळ संपलं होतं. मी सांगून टाकलं. सिस्टर काय म्हणाल्या, नाक कसं रुततं, आम्ही सतरंजी कुठं लपवतो, सगळं. बोलता बोलता मला रडू आलं.

"मग मला सांगायचं की."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं," अब्बा म्हणाले. "म्हणून मी आलो की तुम्ही झोपलेलं लेकरू उठवता?"

त्यांनी गादी, लोड, उशी, रजई सगळं चादरीत बांधलं, गाठोडं सायकलच्या कॅरिअरला लावलं आणि निघाले. अम्मी चुलीपुढून ओरडली, "जेवून तर जावा." ते म्हणाले, "काम हाय." शुक्रवारी कसलं काम, हे विचारायची तिचीही हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस घर फार शांत होतं. अब्बा उशिरा यायचे. भुवयांत कापूस अडकलेला असायचा. आता पोर उघडपणे सतरंजीवर झोपायची, पण ते पाळण्यात डोकावत नसत. "रुसलाय म्हातारा," अम्मी म्हणायची, आणि त्यांच्या ताटात जास्तीची भाकरी वाढायची. मला वाटायचं, हे आपल्याला कधी माफ करतील की नाही. एकदा मी पोरीला पाजत होते तेव्हा ते सुतळी घेऊन आले आणि पाळण्याच्या आतल्या फळीचं माप घ्यायला लागले.

"काय मापताय?"

"पाळणा."

"कशाला?"

"हितं हाय म्हणून," अब्बा म्हणाले आणि सुतळी खिशात घालून गेले.

लोखंडे सिस्टर पुन्हा आल्या त्या दिवशी दुपारी कोपऱ्यावर खडखड ऐकू आली. मी सवयीनं दचकले. बघते तर अब्बा सायकल हातात धरून चालत येत होते आणि शेजारून सिस्टर. दोघं जुनी ओळख असल्यासारखे बोलत होते. सायकलवर एक गाठोडं मागं आणि एक पुढं हँडलला होतं.

अब्बांनी मागचं गाठोडं सोडलं. आत पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, बोटभर जाडीची एक गादी होती. कोपरे काटकोनात, टाके इतके जवळ की मध्ये बोट मावणार नाही. ती पाळण्यात ठेवली तशी चारही बाजूंनी गच्च बसली.

"दाबा, बाई."

सिस्टरनी दोन्ही हातांनी जोर देऊन दाबलं. हात आत गेला नाही. उचलल्यावर खळगाही राहिला नाही. त्यांनी कडेनं बोट घालून बघितलं, कुठं फट आहे का.

"पास," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमचे अब्बा त्या शुक्रवारी माझ्या दारात आले. ती मऊ गादी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, हिच्यात काय वाईट हाय ते दावा. मी पाण्यानं भरलेला तांब्या आणून वर ठेवला. तांब्या तोंडापर्यंत कापसात गेला आणि तिथंच राहिला. मग हे किती वेळ बघत बसले."

"तांब्याला काय, हात घालून काढता येतंय," अब्बा पुटपुटले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जन्मभर शिकलो त्याच्या समदं उलटं करायला लागलं, बाई. कापूस फुलवायचा न्हाई, ठेचायचा. खाली काथ्याचा थर. टाका वढून वढून बोटं सोलली. पुन्हा पुन्हा उसवली."

अम्मीनं त्यांची बोटं बघितली. मग उठून तिनं चहाचं आधण ठेवलं. मी पोरीला नव्या गादीवर उताणी ठेवलं, छातीवर हात ठेवला. तिनं एक जांभई दिली आणि डोळे मिटले.

चहा झाला. सिस्टर उठणार तेवढ्यात अब्बा म्हणाले, "बाई, एक इचारू? हसू नका."

"विचारा की."

"ही जुबी झाली तवा मी दुसऱ्याच्या दुकानात पिंजायला व्हतो. दिसभर लोकांच्या गाद्या भरायचो. अन् घरात ही गोणपाटावर. दोन गोणपाटं, एकावर एक घडी, वरनं हिच्या आईचं जुनं लुगडं. मूठभर कापूस आणायची सोय न्हवती, मालक जाताना खिसं तपासायचा." त्यांनी पाळण्याच्या कडेवरचा नसलेला कापूस झटकला. "लई कडक व्हतं ते. हिला तवा काय त्रास झाला असंल का?"

मी हे कधी ऐकलंच नव्हतं. अम्मी जमिनीकडं बघत होती. कालव्यावरचं झाड, काठी, पोतं, दर उन्हाळ्यातली ती सरकी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

सिस्टर पुन्हा खाली बसल्या.

"घडी सपाट असायची?"

"सपाट. रोज झटकून घालायचो."

"उशी?"

"उशी कुठली आणणार, बाई?"

"कुशीवर झोपायची की उताणी?"

"उताणीच," अम्मी मध्येच म्हणाली. "पालथी टाकली की घर डोक्यावर घ्यायची."

"मग भाई, तुम्ही तुमच्या लेकीला जसं झोपवायला पाहिजे, अगदी तसंच झोपवलंत."

अब्बांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"बरोबर व्हतं म्हणता."

"बरोबर होतं."

"गोणपाट."

"गोणपाट," सिस्टर म्हणाल्या.

अब्बा उठून दारात जाऊन उभे राहिले. आमच्याकडं पाठ करून त्यांनी बराच वेळ रस्ता बघितला. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मग सिस्टरना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि येताना हँडलचं दुसरं गाठोडं घेऊन आले.

"हे धर."

आत एक उशी होती, मोठ्या माणसाची. पांढऱ्या मलमलीचा अभ्रा, कडेला त्या मखमली रजईची पट्टी. मी हात ठेवला तर हात आत गेला आणि दिसेनासा झाला. गादी, लोड, रजई सगळं उसवून त्यांनी झाडाची सगळी सावर एका उशीत भरली होती.

"पोरीला मऊ नको म्हणाल्या बाई," अब्बा म्हणाले. "तुला नको असं कोण बोललं न्हाई. आरशात बघितलंस का सोताला? घुबडागत झालीयास. पड जरा."

"आणि पोर?"

"मी बसतो तिच्याजवळ. नाक उघडं, तोंड उघडं, अंगावर कायबी लोंबतं न्हाई. बाईंनी समदं शिकीवलंय मला. तुझ्याआधी मी पास झालोय."

मी कॉटवर आडवी झाले. डोकं टेकलं तसं दोन्ही बाजूंनी सावर वर आली आणि कान झाकले गेले. पाळण्याची कडी, अम्मीची भांडी, रस्त्यावरची रहदारी, सगळं लांब गेलं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा मी कशाचीही चाहूल न घेता झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं अंगणातून निघून गेली होती. अब्बा पाळण्याजवळ स्टुलावर बसले होते, एक तळहात पोरीच्या छातीवर. ती जागी होती आणि वर त्यांच्याकडं टक लावून बघत होती. शेजारी त्यांचा चहा साय धरून गार झाला होता.

"उशी कशी हाय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"अब्बा, एवढी सावर तुम्ही हिच्यासाठी जमवली होती. आणि झोपले मी."

"न्हाई गं," अब्बा म्हणाले. "ऑर्डर तुझीच व्हती. पोचवायला उशीर झाला, एवढंच."